जोडे हाय का, भाऊजी?

भाऊजी, बाकीचं सगळं मागाहून. आधी एवढंच सांगा, त्या काळ्या किल्ल्याच्या अंधाऱ्या मजल्यावर बसून तुम्ही जे "हाय, हाय" म्हणालात, ते कशाला म्हणालात? माझ्या जोड्यांना, की आपल्या प्रज्ञाच्या लग्नाला?

उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही समोर बसलेले असताना तरी कुठं यायचं? ताईला पाहायला तुम्ही आमच्या अमरावतीच्या घरी आलात, चहा झाला, चिवडा झाला, आमच्या बाबांनी विचारलं, "काय मग, पसंत?" तुम्ही म्हणालात, "पाहू." लग्न लागलं, पोरगी झाली, ती शिकून जपानला गेली, तुम्ही रेल्वेतून रिटायर झालात, आणि ताई परवा-परवापर्यंत पाहुण्यांना सांगायची, "याचं अजून पाहूच चालू हाय."

आता मात्र 'पाहू' म्हणून भागणार नाही. तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला प्रज्ञा आली, तिच्याबरोबर तो केंजी आला. काल सगळं पार पडलं, भंतेजी गेले, नातेवाईक आपापल्या गाड्यांना लागले. आज सकाळी चहाच्या वेळी प्रज्ञानं तिच्या आईला सांगितलं की ती आणि केंजी लग्न करणार आहेत, आणि बाबांनी त्याला होकार दिलेला आहे. किल्ल्यात. तोंडानं.

ताईनं पोरीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तू होता ना तठी?"

"होतो. म्हणजे वरच्या मजल्यावर होतो."

"यानं हो म्हटलं असन तं माही ना नाही. अन् नसन म्हटलं, तं त्याच्या मागं त्याच्या पोट्टीचं मी परस्पर करत नाही. तू सांग. म्हटलं का?"

मी म्हणालो, "जेवणापर्यंत सांगतो." थोडक्यात काय, मीही 'पाहू' म्हणालो. आणि इथं मागच्या खोलीत तुमच्या कूलरपाशी वही घेऊन बसलोय. या कूलरची खस बदलता बदलताच तुम्ही "जरा बसतो" म्हणून खुर्चीवर टेकलात आणि गेलात. एका बाजूला नवी खस आहे, दोन बाजूंना जुनी. कोणी हात लावलेला नाही. ताई म्हणते, राहू दे तसंच. अकोल्याच्या या उन्हात एका बाजूनं गार हवा आणि दोन बाजूंनी धूळ खात मी तुमची उलटतपासणी घेतोय. आयुष्यभर तुम्ही माझी घेतलीत, आता माझी पाळी.

घरात माझ्या शब्दाची किंमत काय, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. ती तुम्हीच पाडलीत. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कोणीतरी म्हणणार, मामा, ती दर्यापूरच्या जीपची गोष्ट सांगा. मी रंगात येणार, बाया तोंडाला पदर लावून हसणार, आणि नेमक्या जागी, जिथं मी जीपमध्ये दोन माणसं आणि एक बकरी जास्त घातलेली असायची, तिथं तुम्ही पहिल्या खुर्चीवरून विचारणार, "साक्षीदार कोण?" मग सगळे तुमच्याकडे पाहून हसायचे. फार राग यायचा. पण खरं सांगतो, ज्या लग्नात तुम्ही नसायचात तिथं माझी गोष्ट पडायची. मलाच वाटायचं, हे आपण काय फेकतोय, आणि कोणी विचारत कसं नाही?

तर आज पहिल्यांदा असं झालंय की साक्षीदार मीच आहे, आणि बकरीसुद्धा जास्त घालायची नाही.

सुरुवातीपासून घेतो. जपानला जायचं काढलं तुम्ही. ताईनं विमानाला साफ नकार दिला. "जमिनीवरून पाय उचलनार नाही," म्हणाली. मला म्हणाली, "तू जाय संग. हा मानूस तिकडं कोनाशी भांडला तं सोडवाले कोनी पायजे." मला वाटलं, पोरीची आठवण येत असेल म्हणून निघालात. विमानात तुम्ही माझ्या कानाशी वाकून खरं कारण सांगितलंत. व्हिडिओ कॉलवर पोरगी बोलत असताना तिच्या मागं दाराशी तुम्हाला दोन छत्र्या दिसल्या होत्या.

"एकटी पोट्टी अन् छत्र्या दोन?"

"एक जुनी असेल, भाऊजी."

"जुनी नोको सांगू. दोन्ही वल्ल्या होत्या."

आता यावर काय बोलणार? टीसीचा डोळा. बडनेरा ते भुसावळ तुम्ही डब्यात चढलात की झोपेचं सोंग घेतलेला माणूस तुम्हाला दारातूनच ओळखू यायचा. "खरा झोपेल मानूस तोंड उघडं टाकते," असं तुमचं शास्त्र. तुम्ही दुधवाल्याचं दूध हुंगायचात. सहलीला गेलो की बसमध्ये चढताना प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून मोजायचात, आणि उतरताना पुन्हा. प्रज्ञा पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्या बॅगेची चेन इतक्यांदा ओढून पाहिलीत की ती विमानतळावर तुटली, आणि तिनं सुतळीनं बांधलेली बॅग घेऊन जपानात पाऊल ठेवलं. ती सुतळी तिनं अजून ठेवलीय, हे तुम्हाला माहीत होतं का? मला कालच कळलं.

प्रज्ञा टोकियोत घ्यायला आली. तिथून मात्सुमोतोची गाडी. तिची नोकरी तिथं, डोंगरांच्या पायथ्याशी, जुन्या किल्ल्याच्या गावात. त्या गाडीत तुमचे डोळे जे विस्फारले ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. डब्याचं दार उघडलं, टोपीवाला टीसी आत आला, आणि त्यानं अख्ख्या डब्याला वाकून नमस्कार केला. मग कोणाचंही तिकीट न बघता चालत शेवटपर्यंत गेला, वळला, पुन्हा वाकला, आणि गेला. प्रत्येक सीटच्या वर एक बारका दिवा होता. प्रज्ञा म्हणाली, तिकीट काढलं असलं की तो हिरवा होतो.

"दिव्यावर भरोसा ठेवते हा?" तुम्ही म्हणालात. मग बराच वेळ बाहेर डोंगर बघत बसलात. मला वाटतं तुम्ही मनात तुमचे सगळे डबे पुन्हा एकदा फिरून आलात. एकदा तरी वाकायला हवं होतं, असं काही वाटलं का? विचारायचं राहिलं.

त्याच प्रवासात तुम्ही पोरीला विचारलंत, "हे लोक सगळ्यालेच हाय, हाय काहून करते?"

"बाबा, जपानीत हाय म्हणजे हो."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "पाय साळेसाहेब! आपल्या वऱ्हाडात हाय म्हंजे आहे, अठी हाय म्हंजे हो. म्हंजे जे हाय त्याले हो म्हना. सोपं हाय." प्रश्नाच्या शेवटी त्यांच्यातही 'का' लागतो हे कळल्यावर तर तुम्ही त्यांना आपल्यातलंच मानून टाकलंत. पण पाचच मिनिटांत चेहरा बदलला. मला कोपर मारून हळूच म्हणालात, "सांभायून बोलजो. अठी हाय म्हटलं का सही झाली समज."

आणि तेव्हापासून, भाऊजी, तुम्ही 'आहे' म्हणायला लागलात.

हे मला तेव्हा फक्त हसायला पुरलं. मूर्तिजापूरच्या मातीत वाढलेला माणूस जवळला 'जवय' म्हणतोय, काळ्याला 'काया' म्हणतोय, पाहाला 'पाय' म्हणतोय, आणि मध्येच पुण्याच्या निवेदकासारखं 'आहे'! "पानी गरम आहे." "हे पोट्टं कोनाचं आहे?" गांधीलमाशीला फुलपाखराचे पंख लावल्यासारखं वाटायचं. मी दोनदा चिडवलं. तुम्ही म्हणालात, "चुकून कशाले तरी हो म्हटलं जाईन. मी इतक्या वर्साचा जपलेला मानूस आहे."

मात्सुमोतो स्टेशनवर गाडी लागली तेव्हा लाउडस्पीकरमधून एक बाई गावाचं नाव ओवी म्हटल्यासारखं लांबवत होती, "मात्सुमोतोऽऽ, मात्सुमोतोऽऽ." तुम्ही म्हणालात, "बडनेऱ्याले असं म्हटलं तं लोक उतराचे विसरून जाईन." आणि प्लॅटफॉर्मवर तो उभा होता. उंच, बारीक, कंबरेत वाकलेला. हातात निळी छत्री.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "तीच."

प्रज्ञा म्हणाली, "हा केंजी. ऑफिसातला मित्र आहे. मराठी शिकतोय."

"केन जी?" तुम्ही विचारलंत. "जी कायले?"

"बाबा, ते नावातच आहे."

"असन नावात. आपल्यात जी लावते मोठ्याले, नाही तं जावयाले. हा दोन्ही नाही." आणि त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "चाल रे केन्या." तो म्हणाला, "हाय!" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू त्यानं स्वतःच्या गुन्ह्यावर सही केली.

दोन दिवस तुम्ही त्याला केन्या म्हणत राहिलात आणि तो हाय म्हणत राहिला. तुम्ही त्याच्या चपला पाहिल्या, नखं पाहिली, तो सिग्नलला थांबतो का ते पाहिलं. रिकाम्या रस्त्यावर, एकही गाडी नसताना तो लाल दिव्यापाशी उभा राहिला, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "एक तं हा लय चांगला आहे, नाही तं लय पोचेल आहे."

आणि मग किल्ला. "किल्ला म्हनते, अन् खाली डोंगरच नाही!" ही तुमची पहिली तक्रार. नरनाळा आठवला असेल, तिथं चढून जाताना दम निघतो. हा सपाट जमिनीवर, चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेला, आणि डोंगर लांब मागं, डोक्यावर बर्फ घेऊन. पण भिंती काळ्याकुट्ट. तुम्ही पुलावर थांबलात आणि हसलात. "हा तं टीसीच आहे. काया कोट घालून उभा आहे."

आत गेल्यावर तुम्ही मोहरून गेलात. बाण मारायच्या फटी, खालून चढणाऱ्याच्या डोक्यात दगड टाकायच्या झडपा, मुद्दाम उभे केलेले जिने. प्रत्येक लाकडात कोणाचा ना कोणाचा संशय ठोकलेला. आणि मग प्रज्ञानं सांगितलं की हा किल्ला बाहेरून पाच मजल्यांचा दिसतो, पण आत सहा मजले आहेत. तिसरा मजला लपवलेला. त्याला खिडकी नाही, बाहेरून दिसत नाही. लढाईत माणसं तिथं दडून बसत.

तुम्ही त्या तिसऱ्या मजल्यावर पोचलात, अंधारात जाडजूड खांबाला हात लावलात, आणि म्हणालात, "मी अठीच बसतो. माहे गुडघे वर येत नाही म्हनते. तुमी जा." प्रज्ञा मला म्हणाली, "मामा, चला ना, वरून डोंगर दिसतात." केंजी मागंच रेंगाळला. आता मला संशय येतो की गुडघ्यांपासून डोंगरांपर्यंत सगळं ठरलेलं होतं. पण कोणी ठरवलं होतं? तिनं, की तुम्ही?

आता जोड्यांचं. किल्ल्यात शिरताना जोडे काढून पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात. माझे जोडे नवे होते, अमरावतीहून खास जपानसाठी घेतलेले, आणि तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाच्या मांडवातून माझे जोडे किती वेळा दुसऱ्याच्या पायात बसून गेलेत. पुढचा जिना शिडीसारखा होता, दोन्ही हात लागणार होते. मी पिशवी तुमच्या मांडीवर ठेवली आणि चढलो. चौथ्या मजल्यावर पोचलो. प्रज्ञा पुढच्या जिन्याला लागली. आणि मला धाकधूक व्हायला लागली. तुम्हाला झोप लागली तर? अंधार, परका मुलूख, आणि माझे जोडे. मी जिन्याच्या तोंडाशी वाकलो आणि वऱ्हाडी पोटातून ओरडलो, "भाऊजीऽऽ! जोडे हाय काऽऽ?"

चार जपानी बाया दचकून बाजूला झाल्या. खालून तुमचा आवाज आला, खणखणीत. "हाय! हाय!"

मी निश्चिंत झालो आणि वर जाऊन डोंगर पाहिले.

खाली उतरलो तेव्हा केंजी तुमच्यासमोर कंबरेत मोडल्यासारखा वाकलेला होता. तुम्ही खांबाला टेकून बसला होतात, दोन्ही पिशव्या छातीशी धरून. मला वाटलं त्याचं काहीतरी खाली पडलंय. "काय हरवलं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "काही नाही. चाल, खाली जाऊ." केंजीचे डोळे लाल होते. मला वाटलं जुन्या लाकडाची धूळ.

एवढं सगळं मी पाहिलं होतं आणि त्यात मला जोड्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. मी कसला गोष्टी सांगणारा!

उलगडा काल पंगतीत व्हायला लागला. केंजी पाटावर मांडी घालून छान बसला होता. तुमच्या मूर्तिजापूरच्या मावशी तुमच्यासारख्याच, त्यांनी आधी त्याची जातपात काढली. "बौद्ध हाय म्हनते," कोणीतरी सांगितलं. "हो, पन आपल्यातला का त्यांच्यातला?" "मावशी, ते लोक आपल्याहून जुने बौद्ध हाय." "असन. मंग याले वंदना काहून नाही येत?" असं चाललेलं. आणि वाढणाऱ्या बाया पातेलं घेऊन त्याच्यापुढं यायच्या. "भात पायजे का?" तो हात जोडून म्हणायचा, "हाय." आणि त्या पुढं जायच्या! हाय म्हणतोय म्हणजे ताटात आहे, पुरे आहे. वरण? "हाय." पुढं. भाजी? "हाय." पुढं. बिचारा दर वेळी हो म्हणत होता आणि दर वेळी उपाशी राहत होता. शेवटी एका पोळीवर आणि चटणीवर उठला. मी पाहत होतो आणि गालात हसत होतो. तुम्हाला सांगायला म्हणून जपून ठेवलं, आणि मग आठवलं की सांगायला तुम्ही नाही.

असं सारखं होतं. परवा टरबूज घेतलं. "लाल निघन ना?" मी विचारलं, टरबूजवाला "हो" म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चौकोन कापून दाखव म्हटलं. मी! तुम्ही असताना मला कधी संशय घ्यावाच लागला नाही, ते खातं तुमच्याकडे होतं.

आज सकाळी प्रज्ञा चहा ओतता ओतता सांगायला लागली. केंजीनं एकच मराठी वाक्य महिनाभर घोकलं होतं, 'बाबा, प्रज्ञाशी लग्न करू का?' अंधारात त्यानं ते म्हटलं. "आणि मामा, बाबा दोनदा हाय म्हणाले, जोरात! हाय, हाय! जपानीत! त्याला रडूच आलं. तो वाकला तो उठेचना."

माझा चहा बशीतच राहिला. कारण तिची गोष्ट मी वरच्या मजल्यावरून ऐकली होती आणि माझ्या गोष्टीत प्रश्न जोड्यांचा होता.

आता तुमच्यावरचा आरोप. तुम्ही डुलकीतून मला उत्तर दिलंत आणि पोरानं ते आपलं समजून घेतलं. तुम्ही डोळे उघडलेत तर समोर एक माणूस वाकून रडतोय, आणि 'बाबा रे, मी जोड्यांचं बोललो' असं सांगायची सोयच उरली नाही. म्हणून गप्प बसलात. घरी येऊनही गप्प. ताईनं विचारलं, "तिचं कोनी हाय का तिकडं?" तुम्ही म्हणालात, "पाहू." होकार दिलेला माणूस असं म्हणतो का?

आणि ते मजल्यांचं. अकोल्यात जो येईल त्याला तुम्ही किल्ल्याचं कौतुक सांगायचात आणि दर वेळी म्हणायचात, पाच मजली. मी म्हणायचो, भाऊजी, सहा. तुम्ही स्वतः त्या लपवलेल्या तिसऱ्या मजल्यावर बसला होतात, तो मोजा! "पाचच," तुम्ही म्हणायचात. चारचौघांत मला खोटं पाडायचात. शेवटच्या भेटीतही आपण यावरच तणतणलो. मी चिडून दर्यापूरच्या बसमध्ये बसलो आणि खिडकीतून ओरडलो, "सहा!" तुम्ही पाच बोटं दाखवलीत. तुमचं मी पाहिलेलं शेवटचं ते. पाच बोटं.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. कारण एक गोष्ट जुळत नाही, भाऊजी. ती मघापासून टोचतेय.

तुम्ही 'हाय' म्हणतच नव्हता. दोन दिवस, जेवताना, चालताना, शिव्या देताना, प्रत्येक वाक्यात 'आहे'. इतकं जपलेलं. मग मी विचारलं, जोडे हाय का, तर तुम्ही 'आहे' म्हणायला हवं होतं. किल्ल्यातून बाहेर आल्यावर मी पुन्हा विचारलं होतं, "दोन्ही जोडे आहेत ना हो?" तेव्हा तुम्ही पिशवी देत म्हणालात, "आहे, आहे. घे तुहे जोडे." मला पक्कं आठवतं, कारण तेव्हाही मी हसलो होतो.

त्या गाडीनंतर अख्ख्या जपानात तुम्ही तो शब्द एकदाच तोंडातून काढलात. खिडकी नसलेल्या, तुम्ही कधीच न मोजलेल्या मजल्यावर. दोनदा. एक मला, एक त्याला?

की अंधारात दचकलात आणि मातीतलं तोंडात आलं? तेही होतं. पडताना माणूस शुद्ध बोलत नाही.

ताई हाक मारतेय. जेवायला.

*

जेवणं झाली, भाऊजी. पुढचं सांगतो.

मी काही लपवलं नाही. ताई, प्रज्ञा, केंजी आणि मी, चौघंच होतो. मी जोड्यांपासून सुरुवात केली. प्रज्ञानं मध्येच थांबवलं. "मामा, तुम्ही जोडे हाय का विचारलं होतं? त्याच वेळी?"

"त्याच वेळी."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे यानं तुह्या जोड्याले हाय म्हटलं, अन् माही पोट्टी गेली?"

मग मी 'आहे'चं सांगितलं. ताईनं हातातला चमचा खाली ठेवला. "कोन? हा? आहे म्हने?"

"प्रत्येक वाक्यात."

"मी इतक्या वर्सात नाही ऐकलं. प्रज्ञा, खरं हाय का हे?"

"हो आई," प्रज्ञा म्हणाली. "मला वाटलं, केंजी मराठी शिकतोय म्हणून बाबा शुद्ध बोलतायत."

ताई हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. लगेच थांबली. "पन तरी. अंधारातली गोष्ट हाय. आनखी काही?"

मी आठवत होतो. स्टेशन आठवत होतो, ती लांबवणारी बाई, आमची गाडी लागलेली, केंजी प्लॅटफॉर्मवर वाकलेला. तुम्ही दारातून मागं वळून काहीतरी म्हणालात. मी बॅगा चढवत होतो, अर्धा कान तुमच्याकडे.

"निघताना म्हणाले, 'येतो केनजी. पोट्टीकडं लक्ष ठेवजा.'"

ताई एकदम ताठ बसली. "ठेवजो का ठेवजा? नीट आठव."

"ठेवजा."

"गोष्ट नोको सांगू मले. लहान्याले ठेवजो म्हनते, मानाच्याले ठेवजा. हा तं मास्तरले, साहेबालेही जो म्हने. जो म्हटलं का जा?"

"जा, ताई. आणि केन्या नाही. केनजी."

प्रज्ञा हळूच म्हणाली, "आई, ते त्याचं नावच आहे."

"मले मालूम हाय नाव हाय ते," ताई म्हणाली. "गप बस तू."

मागच्या खोलीतून कूलरची एका बाजूची गार हवा येत होती. केंजीला यातलं काही कळत नव्हतं. तो ताटापुढं हात मांडीवर ठेवून बसला होता, ताटात कालच्यासारखीच एक पोळी आणि चटणी. आमच्या तिघांत आपला निकाल लागतोय एवढं मात्र त्याला समजलं असावं, कारण तो घास घेत नव्हता.

ताई उठली. भाताचं पातेलं फार तापलेलं होतं. मला म्हणाली, "धर हे, फडक्यानं." मी धरलं. तिनं पळी घेतली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"केनजी," ती म्हणाली, "भात पायजे का?"

तो हात जोडून म्हणाला, "हाय."

ताईनं भात वाढला.

"आनखी?"

"हाय."

तिनं आणखी वाढला. मग न विचारता आणखी. प्रज्ञा म्हणत होती, आई, बस, आई, त्याला एवढा जात नाही. ताई ऐकत नव्हती. ताटाच्या कडेपर्यंत भात आला आणि तो खाली मान घालून खायला लागला.

साक्षीदार कोण म्हणून विचारू नका, भाऊजी. पातेलं माझ्या हातात होतं. बोटाला चटका बसलाय, तो अजून हाय.